यकृत्-प्रत्यारोपणानंतर अर्बुदाचा पुनरुद्भव : आपली दक्षता

अर्बुदाचा अंश शिल्लक राहिल्यास ते शीघ्र पुन्हा उद्भवते, असे सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात बजावले आहे. यकृताच्या कर्करोगात संपूर्ण यकृतच बदलले, तरी हा इशारा लागू राहतो. कारण शस्त्रकर्मापूर्वीच काही कर्कपेशी रक्तावाटे अन्यत्र पोहोचलेल्या असू शकतात.

इटलीतील मिलान येथील माझ्झाफेरो व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये रुग्णनिवडीचे निकष मांडले : ५ सें.मी.पर्यंतची एकच गाठ, अथवा प्रत्येकी ३ सें.मी.पर्यंतच्या फार तर तीन गाठी. रक्तवाहिन्यांत वा यकृताबाहेर प्रसार नसावा. त्यांच्या ४८ रुग्णांपैकी सुमारे ७५ टक्के रुग्ण चार वर्षांनंतर हयात होते. तथापि निकषांत बसणाऱ्या काही रुग्णांतही पुनरुद्भव होतो. बहुधा पहिल्या दोन वर्षांत आणि फुप्फुस, अस्थी वा नव्या यकृतात.

असा रुग्ण पुढे ‘रसायन’ मागत आपल्याकडे येतो. त्याला टॅक्रोलिमससारखे व्याधिक्षमत्व दडपणारे औषध चालू असते. व्याधिक्षमत्व उद्दीपित करणारी गुडूची येथे नव्या यकृतास बाधक ठरू शकते. पिप्पली-मरिचातील पाइपरीनमुळे टॅक्रोलिमसची रक्तपातळी वाढू शकते. अतिदमनाने वृक्कांस अपाय होतो व पुनरुद्भवासही वाव मिळतो. गुग्गुळाने ती पातळी घटण्याचा संभव आहे.

म्हणून प्रत्यारोपण-तज्ज्ञांच्या संमतीविना कोणताही कल्प देऊ नये. औषधालयचालकांनीही चूर्ण-वटी देण्यापूर्वी प्रत्यारोपणाची विचारणा करावी. अकारण कार्श्य, अस्थिशूल वा चिवट कास दिसताच केवळ लक्षणांची चिकित्सा करीत न बसता रुग्णास विनाविलंब प्रत्यारोपण-केंद्राकडे पाठवावे. अल्फा-फीटोप्रोटीन व सीटी स्कॅन या नियमित तपासण्या चुकू न देणे, हेही वैद्याचे कर्तव्यच होय.