भट्टीवरचा माणूस टिकतो कसा

कर्नाटकातल्या पिरियापट्टणच्या हलक्या जमिनीत तंबाखू चांगली येते, पण तिचा भाव ठरतो भट्टीत. हिरवं पान पिवळं करायचं, रंग धरू द्यायचा, मग शिरा वाळवायच्या. यात जवळपास आठवडा जातो आणि उष्णता हळूहळू सुमारे ७० अंश सेल्सियसपर्यंत चढवावी लागते. मधेच आच चुकली, की तंबाखू मंडळाच्या लिलावात माल खालच्या प्रतीत जातो. सारी भिस्त रात्री जागणाऱ्या माणसांवर.

आमचा मुख्य भट्टीवाला पान नुसतं चुरगाळून ओल सांगतो. त्याच्या हाताखाली दर हंगामात एक तरुण देतो आणि थर्मामीटर त्या पोराच्याच ताब्यात. लाकूड कधी वाढवायचं ते दोघं ठरवतात; मी मधे बोलत नाही. मजुरी लिलावाच्या पैशांची वाट न बघता दर आठवड्याला चुकती करतो. उचल देऊन माणूस बांधून ठेवण्याची रीत मला साफ नामंजूर आहे. कर्जात अडकलेला माणूस राहतो, पण कामात जीव ओतत नाही.

माणसांवर विश्वास टाकण्याचा माझ्यापुढचा आदर्श म्हणजे उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांनी १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. शाळा अर्धवट सोडलेल्या अनंतराव फळणीकरांमधला कल्पक यंत्रज्ञ त्यांनी ओळखला. शिक्षा भोगून आलेल्या माणसांच्या हाती वाडीची राखण सोपवली. एवढा विश्वास टाकायला छाती लागते!

मालकांनो, यंदा हंगामाची बोलणी उचलीपासून नको, काम शिकवण्यापासून सुरू करा.