दाखल आणि खारीज : ऑनलाइन अध्ययन-प्रणालीतील जोडनोंदणी

महाराष्ट्रातील शाळांमध्ये 'जनरल रजिस्टर' नावाची एक वही असते. जुन्या बोलीत तिला दाखलखारीज रजिस्टर म्हणत. मुलाचे नाव या वहीत एकदा चढले आणि त्याला क्रमांक मिळाला, की वर्गाचा हजेरीपट, परीक्षेची यादी आणि शेवटी शाळा सोडल्याचा दाखला, या साऱ्यांचा आधार तीच एक नोंद होते. नाव एके ठिकाणी दाखल व्हावे आणि त्याचा उपयोग अनेक ठिकाणी व्हावा, हे या व्यवस्थेमागील तत्त्व होय. ऑनलाइन अध्ययन-प्रणालींनी हेच तत्त्व यंत्राच्या स्वाधीन केले आहे. एका अभ्यासक्रमाच्या पटावरील नावे दुसऱ्या अभ्यासक्रमाच्या पटावर आपोआप उतरावीत, अशी जोडणी या प्रणालींमध्ये करता येते. प्रस्तुत लेखात तिला 'जोडनोंदणी' असे म्हटले आहे. जोडनोंदणीचे कार्य कसे चालते आणि तिचा वापर करताना कोणते विवेक पाळावे लागतात, याचा विचार येथे करावयाचा आहे.

इलेक्ट्रॉनिक सिटीचा संदर्भ

बंगळुरूच्या दक्षिणेस होसूर रस्त्यावर कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या परिसरात १९७०च्या दशकाच्या अखेरीस कर्नाटक राज्य इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाने इलेक्ट्रॉनिक सिटी वसविली. या कल्पनेचे जनकत्व महामंडळाचे पहिले अध्यक्ष आर. के. बाळिगा यांच्याकडे जाते. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसचे मुख्यालयही आज येथेच आहे. मराठी मुलखातून नोकरीनिमित्त येथे येणाऱ्यांची परंपराही जुनी आहे. उद्योगांच्या या वसाहतीतच 'इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी, बंगळुरू' ही १९९९ साली सुरू झालेली अभिमत विद्यापीठाच्या दर्जाची संस्था आहे. येथे पदवीधरांसाठीचा एम.टेक. पूर्वीपासून होता. २०१२ मध्ये बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकात्मिक एम.टेक.ही सुरू झाला. त्याखेरीज संशोधन करणारे विद्यार्थी आहेतच. वेगवेगळ्या वाटांनी आलेले विद्यार्थी एकाच ज्ञानशाखेत शिकतात, अशा कोणत्याही संस्थेत जोडनोंदणीचा प्रश्न स्वाभाविकपणे उभा राहतो.

समजा, अशा एखाद्या संस्थेत एक ऐच्छिक विषय आहे. तो एम.टेक.चे चाळीस आणि एकात्मिक एम.टेक.चे पंचवीस विद्यार्थी घेतात. परीक्षा विभागाच्या दृष्टीने हे दोन पट आहेत, कारण दोहोंचे नियम आणि गुणपत्रके वेगळी आहेत. अध्यापकाच्या दृष्टीने मात्र हा पासष्ट जणांचा एकच वर्ग आहे. टिपणे दोनदा चढविणे, सूचना दोनदा देणे आणि चर्चा दोन ठिकाणी विभागणे त्याला परवडणारे नाही. प्रशासनाचे दोन पट कायम ठेवून अध्यापनाचा एक वर्ग घडविणे, हे जोडनोंदणीचे प्रयोजन होय.

जोडणीचे स्वरूप

येथे प्रथम एक भाषिक अडचण दूर करणे आवश्यक आहे. मराठीत 'अभ्यासक्रम' हा शब्द तीन अर्थांनी चालतो : एम.ए.सारखा संपूर्ण पदवी-कार्यक्रम, त्यातील एखादा विषय आणि त्या विषयात शिकवावयाच्या घटकांची यादी. कागदावर संदर्भाने अर्थ कळतो, यंत्राला तो कळत नाही. अध्ययन-प्रणालीतील 'कोर्स' म्हणजे नेमके काय, हे न ठरविता जोडणी केल्यास एका विषयाचा पट जोडावयाच्या ऐवजी संपूर्ण पदवी-कार्यक्रमाचा पट जोडला जातो. प्रस्तुत लेखात 'अभ्यासक्रम' हा शब्द प्रणालीतील एका वर्गखोलीपुरता, म्हणजे एका विषयाच्या एका पटापुरता वापरला आहे.

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील मार्टिन दूजियामास यांनी निर्माण केलेली 'मूडल' ही मुक्तस्रोत प्रणाली या संदर्भात उदाहरण म्हणून घेता येईल. तिची पहिली आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये आली. आरंभीच्या आवृत्त्यांमध्ये 'मेटाकोर्स' नावाचा अभ्यासक्रमाचा एक विशेष प्रकार होता. नोव्हेंबर २०१० मधील दुसऱ्या आवृत्तीपासून हा प्रकार गेला आणि जोडणी ही नावनोंदणीची एक पद्धत झाली. सामाईक वर्गखोलीत जाऊन 'या अभ्यासक्रमाचा पट येथे जोडा' असे सांगितले, की त्या पटावरील सर्व नावे येथे उतरतात. पुढे मूळ पटावर नवे नाव आले तर तेही येथे येते. वरील उदाहरणात दोन पटांच्या दोन जोडण्या एका सामाईक खोलीत केल्या, की काम झाले.

जुन्या मेटाकोर्सच्या परिभाषेत सामाईक अभ्यासक्रमाला 'पालक' आणि ज्यांच्याकडून नावे येतात त्यांना 'अपत्य' म्हणत असत. मराठी मनाला हे नाते उलटे वाटते. आपल्याकडे वडिलांचे नाव मुलाकडे जाते. येथे मात्र नावे अपत्याकडून पालकाकडे वाहतात. या उलटेपणामुळे नवखा व्यवस्थापक जोडणी चुकीच्या बाजूने करण्याचा संभव असतो. म्हणून मराठीत 'स्रोत पट' आणि 'सामाईक वर्ग' अशी जोडी वापरणे अधिक उपयुक्त ठरेल. प्रवाहाची दिशा त्या शब्दांतच स्पष्ट होते. आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. मूडलमध्ये ही जोडणी पुढे पाझरत नाही. सामाईक वर्गात जोडणीने आलेले नाव तिसऱ्या वर्गाला जोडून पुढे नेता येत नाही. तिसऱ्या वर्गालाही मूळ स्रोताशीच जोडावे लागते.

खारीज होण्याचा प्रश्न

दाखल होण्याची सोय सर्वांच्या लक्षात येते, खारीज होण्याची बाजू मात्र दुर्लक्षित राहते. स्रोत पटावरून नाव निघाले, तर सामाईक वर्गातील त्या विद्यार्थ्याचे काय व्हावे? शाळेत दोन वह्यांच्या मध्ये लिपिकाचा हात असे. तो थांबून विचारू शकत असे. यंत्र विचारीत नाही, आधी ठरवून दिलेला नियम ते पाळते. मूडलमध्ये या नियमाचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिल्यात विद्यार्थ्याचे नाव सामाईक वर्गातून पूर्णपणे काढले जाते. दुसऱ्यात नाव पटावर राहते, परंतु प्रवेश स्थगित होतो. या स्थगितीबरोबर त्याची भूमिकाही काढून घ्यावयाची की नाही, हेही ठरविता येते.

या दोहोंमधील अंतर मोठे आहे. नाव पूर्णपणे काढले गेले, की गुणपत्रकातून विद्यार्थ्याचे गुण दिसेनासे होतात आणि गटातील त्याचे स्थान जाते. चर्चेत त्याने लिहिलेले तेवढे मागे उरते. स्थगितीत हे सारे जागेवर राहते आणि चूक उमगताच पूर्ववत करता येते. सत्राच्या मध्यावर शुल्काच्या किंवा विषयबदलाच्या एखाद्या चुकीच्या नोंदीमुळे स्रोत पटावरील नाव निघाले, तर विद्यार्थ्याचे तीन महिन्यांचे काम एका क्षणात दृष्टीआड होऊ शकते. चूक एका ठिकाणी होते, परिणाम मात्र दुसऱ्या ठिकाणी भोगावा लागतो. ज्या कार्यालयात नाव खोडले गेले, तेथे त्याची खबरही नसते. सबब शिक्षण चालू असेतो स्थगितीचा मार्ग स्वीकारणे आणि पूर्ण खारीज सत्रान्तीच करणे, हा नियम श्रेयस्कर होय.

'कॅनव्हास' या दुसऱ्या प्रचलित प्रणालीत याहून निराळी रीत आहे. तेथे पट जोडला जात नाही, तर विद्यार्थ्यांची तुकडीच एका अभ्यासक्रमातून उचलून दुसऱ्यात नेली जाते. परंतु सादर केलेले काम आणि गुण जुन्याच अभ्यासक्रमाशी बांधलेले राहतात. त्यामुळे हे स्थलांतर अध्यापन सुरू होण्यापूर्वीच करावे लागते. रीती भिन्न असल्या, तरी त्यांतून निघणारा बोध एकच आहे : जोडणी सत्रारंभी आणि विचारपूर्वक करावी.

आणखी दोन बाबी नोंदविण्यासारख्या आहेत. जोडणीतून केवळ विद्यार्थीच येतात असे नाही. कोणत्या भूमिका वगळावयाच्या हे स्पष्टपणे ठरविले नसेल, तर स्रोत पटावरील अध्यापकही सामाईक वर्गात अध्यापकाच्या अधिकारांसह येतो. दुसरे म्हणजे, प्रत्येक स्रोताच्या विद्यार्थ्यांचा स्वतंत्र गट आपोआप करता येतो. त्यामुळे वर्ग एक राहूनही परीक्षा विभागाला आपापले गुण वेगळे मिळतात.

एक व्यक्ती, एक ओळख

ही सारी यंत्रणा एका गृहीतकावर उभी आहे : विद्यार्थ्याचे प्रणालीत एकच खाते आहे. कुळकर्णी आणि कुलकर्णी, वडिलांच्या नावासह आणि त्याविना अशी मराठी नावांची रूपे पाहता, नावावरून ओळख पटविणे धोक्याचे आहे. ती क्रमांकावरूनच पटावी लागते. इलेक्ट्रॉनिक सिटीतील उपरोक्त संस्थेतच २०१८ मध्ये 'मोसिप' हा मुक्तस्रोत ओळख-व्यवस्थेचा प्रकल्प सुरू झाला आणि फिलिपीन्स, मोरोक्को यांसारख्या देशांनी तो स्वीकारला. राष्ट्राच्या पातळीवर तो ज्या प्रश्नाशी झुंजतो, तोच प्रश्न लहान प्रमाणात प्रत्येक विद्यापीठाच्या नोंदणी-कक्षात असतो. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' ही व्यवस्था आणली. त्याच वर्षीच्या विनियमांनुसार एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंतचे विषय 'स्वयम्'वरून घेता येतात. विद्यार्थी आता अनेक संस्थांच्या पटांवर असणार आहे. म्हणून ओळख एक असण्याची गरज वाढली आहे.

भाषा-विभागांसाठी या प्रश्नाचे महत्त्व

हा विषय केवळ तंत्रज्ञांचा आहे, असे मानणे योग्य होणार नाही. महाराष्ट्राबाहेरील विद्यापीठात मराठीचा एखादा विषय तौलनिक साहित्याचे चार, इतिहासाचे तीन आणि पदविकेचे पाच विद्यार्थी घेत असतील, तर तीन पटांवर ती तीन क्षुल्लक संख्या दिसतात. प्रत्येक पट स्वतंत्रपणे पाहणाऱ्या समितीला तो विषय बंद करण्याजोगा वाटू शकतो. जोडलेल्या वर्गात मात्र बारा जणांचे सजीव चर्चासत्र दिसते. मराठीचा वर्ग टिकणे वा न टिकणे हे काही प्रमाणात पट कसा मांडला जातो यावर अवलंबून असते, ही गोष्ट भाषेच्या अध्यापकांनी जाणून घेतली पाहिजे.

अर्थात पटावरील नाव म्हणजे वर्गातील विद्यार्थी नव्हे. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रातील शाळांची पटपडताळणी झाली, तेव्हा पटावर असलेली आणि प्रत्यक्षात नसलेली नावे मोठ्या संख्येने उघड झाली. जोडनोंदणी पट जोडू शकते, उपस्थिती जोडू शकत नाही. एकच विद्यार्थी दोन स्रोतांतून आला, तर त्याची गणना एकदाच व्हावी, ही दक्षताही माणसानेच घ्यावयाची असते. जनरल रजिस्टरातील प्रत्येक नोंदीखाली मुख्याध्यापकांची जबाबदारी असे. यंत्रातील जोडणीलाही कोणीतरी नामनिर्दिष्ट जबाबदार असावे : ती कोणी केली, कोणत्या दिशेने केली आणि खारीज होणाऱ्याचे काय होणार, हे लिहून ठेवणारा. तेवढी दक्षता घेतली गेली, तर एका नोंदीतून अनेक वर्गांचे दरवाजे उघडण्याची ही सोय विद्यार्थ्याच्या हिताची ठरेल.