कवटीच्या तळातील मज्जातंतु-नाल : वैविध्य व त्याचे मापन

मानवी कवटी उलटी धरून तिच्या तळाकडे पाहिले असता प्रथम दृष्टीस पडते ते पश्चकपालास्थीतील महारंध्र. शस्त्रवैद्याचे लक्ष मात्र त्याच्या पुढे व दोन्ही बाजूंस विखुरलेल्या लहान छिद्रांकडे व नालांकडे जाते. मेंदूपासून निघालेले मज्जातंतू चेहरा, जबडा, जिव्हा व घसा यांकडे जातात ते याच वाटांनी. पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांत या वाटा दोन्ही बाजूंस सारख्या आकाराच्या व ठरावीक संख्येच्या दाखविलेल्या असतात. प्रत्यक्षात अशी कवटी क्वचितच हाती येते. कोठे एका छिद्राची दोन झालेली असतात, कोठे दोन छिद्रे एकत्र मिळालेली असतात, तर कोठे पुस्तकात नसलेले एखादे छिद्र एकाच बाजूस उघडलेले असते.

गोंदिया येथे २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले व त्या जिल्ह्यात शारीरशास्त्राचे पदवी-अध्यापन होऊ लागले. नव्या महाविद्यालयातील शारीरशास्त्र विभागाला संशोधनासाठी कवटीच्या छिद्रांचा विषय सहज सुचण्यासारखा आहे. कारण त्यास व्हर्निअर कॅलिपर, एक बारीक तार व चिकाटी एवढेच साहित्य पुरते. विषयाचा हा सोपेपणा काहीसा फसवा आहे. छिद्राचे माप घेणे अवघड नाही; त्या मापातून नेमके काय कळते हे सांगणे मात्र अवघड आहे, आणि ज्या रोग्याच्या गालातून सुई त्या छिद्राकडे न्यावयाची असते त्याच्या दृष्टीने महत्त्व याच दुसऱ्या गोष्टीला आहे.

उदाहरणादाखल जतुकास्थीतील अंडाकृती रंध्र, म्हणजे लॅटिन परिभाषेतील फोरामेन ओव्हाले, घेऊ. त्रिशाखी मज्जातंतूची तिसरी शाखा, अर्थात अधोहनु मज्जातंतू, यातून खाली उतरतो. त्याच्या सोबत एक लहान रोहिणी व काही नीलाही असतात. गर्भावस्थेत या ठिकाणी बंदिस्त छिद्र नसते. मज्जातंतू आधी तयार होतो. जतुकास्थीच्या मोठ्या पंखाच्या मागील कडेला केवळ एक खाच असते आणि हाड त्या तंतूभोवती हळूहळू वाढत जाऊन त्यास वेढते. जर्मन शारीरशास्त्रज्ञ लांग व त्यांचे सहकारी यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार हे कडे लवकरात लवकर गर्भाच्या सातव्या महिन्यात व उशिरात उशिरा जन्मानंतर तीन वर्षांनी पूर्ण होते. नवजात अर्भकात रंध्राची लांबी सरासरी ३.८५ मि. मी. भरते, प्रौढात ती ७.२ मि. मी. पर्यंत जाते. शेजारच्या कंटक-रंध्राचे कडे याहूनही सावकाश, कित्येकदा जन्मानंतर काही वर्षांनी, मिटते.

प्रौढ कवटीत आढळणारे बरेचसे वैविध्य या इतिहासावरून उलगडते. कडे मिटण्याची क्रिया अर्ध्यावर थांबली तर रंध्राची मागील भिंत उघडी राहते आणि अंडाकृती व कंटक ही दोन रंध्रे एकमेकांस मिळतात. कंटक-रंध्र मुळीच नसेल तर दोष हाडाचा नसून रोहिणीचा असू शकतो : या रंध्रातून जाणारी मध्य मस्तिष्कावरण रोहिणी काही व्यक्तींत नेत्र-रोहिणीपासून निघते, ती या वाटेने येतच नाही, म्हणून हाडात वाट उरत नाही. अंडाकृती रंध्राच्या पुढे व आतल्या अंगास दिसणारे लहानसे छिद्र व्हेसेलियसच्या नावाने ओळखले जाते. त्यातून मुख्यतः एक नीला जाते, आणि ही नीला कवटीच्या आतील नीला-कोटरास बाहेरील नीलाजालाशी जोडते. चेहऱ्याकडील जंतुसंसर्ग आत पोचण्यास हीदेखील एक वाट होय.

या सर्वांचे व्यावहारिक महत्त्व त्रिशाखी मज्जातंतुशूलात प्रकट होते. तोंड धुताना, घास चावताना किंवा वाऱ्याची झुळूक लागताच चेहऱ्याच्या एका बाजूस विजेसारखी कळ उठते. दाताचे दुखणे समजून एकामागून एक निरोगी दात काढून घेतलेले रोगी वैद्यांना अपरिचित नाहीत. १९६० नंतर वापरात आलेल्या कार्बामाझेपिनने पुष्कळांना आराम पडतो. ज्यांना तो पडत नाही त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत गालातून सुई घालून ती अंडाकृती रंध्रातून मज्जातंतूच्या गंडापर्यंत नेतात. ही वाट फ्रिट्झ हेर्टेल या जर्मन शस्त्रवैद्याने पहिल्या महायुद्धापूर्वीच्या वर्षांत आखून दिली. पुढे स्वीट यांनी उष्णतेने, होकान्सन यांनी ग्लिसरॉलने व मुलन यांनी फुग्याच्या दाबाने तंतू निष्प्रभ करण्याच्या रीती रूढ केल्या. सुईची वाट मात्र हेर्टेलचीच राहिली. ओठाच्या कोपऱ्यापासून सुमारे अडीच-तीन सेंटिमीटर बाहेर सुई टोचावयाची व कित्येक सेंटिमीटर आत असलेले सात मिलिमीटरांचे लक्ष्य गाठावयाचे, असे हे काम आहे. दिशा थोडी चुकली तर सुई मागील बाजूस अंतर्ग्रीवा रोहिणीजवळ अथवा पुढे नेत्रकोटराकडे जाऊ शकते.

लक्ष्य नेहमीच्या आकाराचे नसल्यास काय होते हे येथे ध्यानात घ्यावे. रंध्र अरुंद असेल तर सुई हाडाच्या कडेवर अडते. त्याच्या लगत जतुकास्थीच्या पार्श्वपत्रापासून तिच्या काट्यापर्यंत एक बंध असतो. त्याचे अस्थीभवन झाल्यास रंध्रासमोर हाडाचा आडसर उभा राहतो. या बंधाचे वर्णन चिव्हिनिनी या इटालियन शारीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात केले व तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. असा आडसर असता रंध्र पूर्ण आकाराचे असूनही नेहमीच्या वाटेने अगम्य ठरते. केवळ रंध्राची लांबी-रुंदी टिपणाऱ्या नोंदवहीत ही गोष्ट कधीच उतरणार नाही. तेव्हा प्रत्येक कवटीत खालून व बाहेरून रंध्राकडे तार सरळ जाते की नाही हे पाहणे मापाइतकेच अगत्याचे मानावयास हवे.

दुसरे उदाहरण अधोजिव्ह नालाचे. जिव्हेस हालविणारा बारावा मज्जातंतू महारंध्राच्या दोन्ही कडांलगत असलेल्या नालातून बाहेर पडतो. काही कवट्यांत या नालात हाडाचा एक पूल असतो व नाल दुहेरी होतो. हे बहुधा एकाच बाजूस घडते. त्याचे कारण पश्चकपालास्थीच्या घडणीत आहे. गर्भाच्या डोक्यामागील कायखंड एकत्र मिळून या अस्थीचा तळभाग बनतो. म्हणजे तो एका अर्थी एकजीव झालेल्या मणक्यांचाच भाग होय. अधोजिव्ह मज्जातंतूही अनेक मुळांचा जुडगा असून ही मुळे बहुधा दोन गटांनी मेंदूच्या आवरणातून बाहेर पडतात. त्या गटांमधील ऊतीचे अस्थीभवन झाले की पूल तयार होतो. जपानी शास्त्रज्ञ दोदो यांनी गर्भाच्या कवट्या तपासून हा पूल जन्मापूर्वीच घडत असल्याचे दाखविले. म्हणूनच वयोमानानुसार न बदलणारे लक्षण म्हणून मानवसमूहांच्या तुलनेत त्याचा उपयोग करण्यात येऊ लागला. महारंध्राच्या कडेवरील गाठ काढताना हाड कोरणाऱ्या शस्त्रवैद्याला हा पूल आधी ठाऊक असला म्हणजे मज्जातंतूचा एक गट पाहून दुसरा नाहीच असे त्याने गृहीत धरण्याचा धोका टळतो.

छिद्राच्या मापावरून तंतूचे माप काढण्याचा मोह किती घातक असतो याचाही धडा याच नालाने दिला. १९९८ साली के, कार्टमिल व बॅलो यांनी असे प्रतिपादन केले की, मानवाचा अधोजिव्ह नाल वानरांच्या मानाने मोठा असून प्राचीन जीवाश्मांत तो केव्हा मोठा झाला यावरून वाणीच्या उगमाचा काळ ठरविता येईल. कल्पना आकर्षक होती. दुसऱ्याच वर्षी डीगस्टा, गिल्बर्ट व टर्नर यांनी प्रेतांतील प्रत्यक्ष मज्जातंतू व नाल मोजून या दोहोंच्या आकारांत संबंध नसल्याचे दाखविले; शिवाय अनेक वानरजातींचे नाल मानवाच्या मर्यादेत बसत असल्याचे आढळले. नालात तंतूखेरीज नीलांचे जाळे व लहान रोहिणीही असते. तेव्हा नाल मोठा असणे म्हणजे तंतू मोठा असणे नव्हे.

समूहांच्या तुलनेविषयी महाराष्ट्रातील वाचकांनी आठवावे असे एक उदाहरण बर्लिनचे आहे. इरावती कर्वे यांनी १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथील कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या विषमतेवर प्रबंध लिहिला. युरोपीय कवटीतील विषमता इतर वंशांपेक्षा निराळी ठरेल अशी फिशर यांची अपेक्षा होती. कर्वे यांनी १४९ कवट्या मोजल्या व विषमतेचा वंशाशी संबंध दिसत नाही असा निष्कर्ष मांडला. त्या संस्थेत, त्या मार्गदर्शकासमोर, हे लिहिण्यास लागणारे धैर्य साधे नव्हते. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी महाराष्ट्रातील समाजांची मापे घेतली, तीही जात व स्थळ यांची काटेकोर नोंद ठेवून. एकाच कवटीतील डावे व उजवे अंडाकृती रंध्र जेव्हा सहज एकमेकांपासून वेगळे भरते, तेव्हा काही दशांश मिलिमीटरांच्या सरासरी फरकावर 'अमुक समाजाची कवटी' असे विधान उभारणे शास्त्रास धरून नाही.

मोजणीच्या पद्धतीतही निष्काळजीपणा पुष्कळ दिसतो. समजा, ५० कवट्यांपैकी १० मध्ये एका बाजूस व ३ मध्ये दोन्ही बाजूंस नाल दुहेरी आढळला. कवटी हे एकक धरल्यास प्रमाण २६ टक्के येते. बाजू हे एकक धरल्यास १०० पैकी १६, म्हणजे १६ टक्के. एकाच संग्रहातून निघालेले हे दोन्ही आकडे खरे आहेत. पण एका लेखातील पहिला व दुसऱ्या लेखातील दुसरा शेजारी ठेवून 'प्रादेशिक फरक' शोधणे व्यर्थ होय. तसेच ५० कवट्यांत एखादा प्रकार मुळीच दिसला नाही म्हणून तो त्या प्रदेशात नाही असेही ठरत नाही. साध्या संभाव्यता-गणिताने पाहता त्याचे खरे प्रमाण सहा टक्क्यांपर्यंत असूनही तो इतक्या कवट्यांत न सापडणे शक्य आहे.

याहून मोठा प्रश्न कवटी कोणाची हा आहे. भारतातून सांगाड्यांच्या निर्यातीवर १९८५ साली बंदी आली. तोपर्यंत जगातील असंख्य वैद्यकीय शाळा कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांकडून हाडे घेत. परदेशी निबंधांत 'भारतीय कवट्या' म्हणून येणाऱ्या अनेक संग्रहांची ओळख एवढीच असते. गाव, वय, कित्येकदा लिंगही निश्चित नसते. देशातील महाविद्यालयांच्या कपाटांतील जुन्या हाडांचीही स्थिती याहून फारशी निराळी नाही. गोंदियात मोजलेली कवटी गोंदिया जिल्ह्यातील माणसाचीच असेल असे त्यामुळे गृहीत धरता येत नाही. हा जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याच्या सीमा मध्य प्रदेश व छत्तीसगड यांस भिडलेल्या आहेत आणि गोंड, हलबा, पोवार, कुणबी, महार, ढिवर असे विवाहसंबंधांत बहुतांशी स्वतंत्र राहिलेले समाज तेथे शेजारी शेजारी राहतात. देवरी-सालेकसाच्या जंगलपट्ट्यातील माणूस आणि तिरोड्याच्या धानपट्ट्यातील माणूस यांची कवटी एका सरासरीत घालण्यापूर्वी निदान ती दोघांची आहे हे तरी माहीत असावयास हवे. नवीन महाविद्यालयाला येथे जुन्यांपेक्षा एक सोय आहे : महाराष्ट्र शरीररचनाशास्त्र अधिनियमान्वये मिळालेल्या व देहदानाने आलेल्या प्रत्येक देहाची नोंद हाडे स्वच्छ होईपर्यंत व त्यानंतरही त्यांच्यासोबत ठेवण्याची शिस्त पहिल्या वर्षापासून लावता येते.

या नोंदीत रक्ताच्या तपासणीलाही जागा हवी. नागपूर येथील शुक्ल व सोळंकी यांनी १९५८ साली मध्य भारतातील दात्रपेशी-लक्षणाची माहिती प्रसिद्ध केली. पूर्व विदर्भात हा विकार आजही मोठा प्रश्न आहे. दात्रपेशी रक्तक्षयात अस्थिमज्जेची अतिरिक्त वाढ होऊन कवटीचे हाड जाड होऊ शकते. अशी कवटी इतरांच्या सरासरीत न मिसळता वेगळी ठेवणे हा साधा विवेक होय.

कोरड्या हाडांच्या या अडचणींवर क्ष-किरण संगणकीय छेदचित्रण, म्हणजे सी. टी. स्कॅन, हा बराच चांगला तोडगा आहे. अपघात, पक्षाघात अथवा डोकेदुखी यांसाठी डोक्याची छेदचित्रे घेतली जातात. त्यांत व्यक्तीचे वय, लिंग व गाव ज्ञात असते, आणि योग्य परवानगीने व नावे गाळून त्यांवरून छिद्रांचा अभ्यास करता येतो. मुख्य म्हणजे ज्या रोग्यावर सुईचा उपचार करावयाचा त्याचेच रंध्र आधी पाहता येते. कोणत्याही सरासरीची गरज राहत नाही. मात्र छेद जाड असतील तर अधोजिव्ह नालातील पातळ पूल चित्रात पुसट होऊन नाहीसा होतो. त्यासाठी एक मिलिमीटर वा त्याहून बारीक छेद हवेत. उलट कोरड्या कवटीत हाच पूल हाडे उकळताना व घासताना मोडतो, आणि एकेरी दिसणारा नाल मुळात दुहेरी असू शकतो. याकरिता कोणतीही मालिका सुरू करण्यापूर्वी विभागातील दहा-वीस कवट्यांचे छेदचित्र घेऊन त्याच कवट्या भिंगाखाली तारेने तपासाव्यात, मोडलेल्या कडा वेगळ्या नोंदवाव्यात, आणि दोन निरीक्षकांनी एकमेकांची नोंद न पाहता केलेली मोजणी किती जुळते हे निबंधात प्रथम द्यावे.