साका पडणार की नाही?

सोलापूर बेसाल्टच्या काळ्या खडकावर वसले आहे. या खडकातून झिरपणारे पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेऊन येते. शुक्रवार पेठेतल्या एखाद्या घरी बोअरच्या अशा जड पाण्यात साबण घासला, तर फेस येण्याआधी बादलीच्या काठाला पांढुरका, चिकट साका धरतो. साबणातल्या सोडियमच्या जागी कॅल्शियम आले आणि त्यातून झालेला कॅल्शियमचा साबण पाण्यात विरघळेना. ही दुहेरी विस्थापन अभिक्रियाच आहे.

साका पडणार का, हे आधी सांगता येते. दोन क्षारांच्या आयनांची कागदावर अदलाबदल करायची आणि नव्या जोड्यांपैकी कोणती पाण्यात विरघळणार नाही, ते पाहायचे. सोडियम, पोटॅशियम, अमोनियम आणि नायट्रेट यांचे नेहमीचे क्षार विरघळतात. त्यामुळे मिठाच्या पाण्यात पोटॅशियम नायट्रेट ओतले तर काहीच घडत नाही. चारही आयन सुटेच राहतात. विद्यार्थी इथे हमखास समीकरण लिहून मोकळे होतात! त्याच मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले, की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा अवक्षेप लगेच दिसतो.

पण नुसते ‘विरघळते’ किंवा ‘विरघळत नाही’ एवढ्यावर भागत नाही. साध्या तापमानाला एक लिटर पाण्यात कॅल्शियम सल्फेट दोन ग्रॅमच्या आसपास मावते, तर शुद्ध पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट जेमतेम १५ मिलिग्रॅम. म्हणून जड पाण्यात थोडे सोडियम सल्फेट पडले तरी ते नितळ राहू शकते. धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, टाकला की गढुळते.

सोलापुरी चादरी-टॉवेलांच्या सुताला रंग देणाऱ्या रंगाऱ्यासाठी हा फरक पैशांचा आहे. सुती धाग्यावर रिअॅक्टिव्ह रंग पक्का बसवायला हाच सोडा लागतो. पाणी जड असेल तर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण सुतावर बसतात आणि रंग डागाळू शकतो. त्यावर उपाय म्हणजे साका आधीच, रंगाच्या टाकीबाहेर पाडायचा: पाण्यात सोडा घालून ते निवळू द्यायचे आणि वरचे पाणी रंगासाठी घ्यायचे. मॅग्नेशियम मात्र एवढ्याने पुरते जात नाही, कारण त्याचे कार्बोनेट बरेच जास्त विरघळते. त्याला चुन्याची निवळी लागते. मग ते हायड्रॉक्साइड होऊन तळाशी बसते.