उंदीर पडला, तर कुणाला सांगाल?

जुन्या माणसांच्या तोंडी एक वाक्य असे : ‘गावात उंदीर पडू लागले.’ एवढे कानावर आले की लोक घरे सोडून रानात झोपड्या घालून राहत. उंदरांमागून माणसे पडतात, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. त्याचे कारण १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत शोधून काढले. प्लेगने उंदीर मेला, अंग गार पडले, की त्याच्या अंगावरची पिसू दुसरा आसरा शोधते. उंदीर नाही मिळाला तर माणसाला चावते. मग सणकून ताप, आणि जांघेत किंवा काखेत गाठ.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढल्या वर्षी पुण्यात घरे तपासायला गोरे सोल्जर लावले. झाले काय? धाकाने लोक रोगी लपवू लागले. ज्या बातमीवर सारा बंदोबस्त उभा राहायचा, तीच बातमी दडली. आरोग्यसेवेचा पहिला धडा हाच : सेवकाची भीती वाटली की रोग घरात लपतो.

मग सेवा कशी असावी? ती साथ येण्यापूर्वीच उभी हवी. गावाने मेल्या उंदराची खबर आरोग्यसेवकाला द्यायची, त्याने ती प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायची, केंद्राने उंदीर व पिसवा तपासणीला पाठवायच्या. प्लेग ठरला तर आधी औषध फवारून पिसवा माराव्यात, उंदीर नंतर. उलट केले तर उपाशी पिसवा माणसांवरच येतात! रोग्याला वेळेवर औषध मिळाले तर तो बरा होतो. त्याच्या सहवासातल्यांनाही औषध द्यावे लागते.

‘आता कुठला प्लेग?’ असं कुणी म्हणेल. १९६६ नंतर आपल्या देशात कित्येक वर्षे त्याचा रोगी सिद्ध झाला नव्हता. पण १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी आधी उंदीर पडले, पिसवा वाढल्या, आणि मग ताप-गाठीचे रोगी दिसू लागले. म्हणजे उंदरांनी सूचना आधीच दिली होती.

गुरुजी, ही सूचना सर्वांत आधी तुमच्या मुलांच्या नजरेस पडते. एकच सांगून ठेवा : मेल्या उंदराला हात लावू नका, पण घरी जाऊन गप्पही बसू नका.