कॅम्पिंगच्या गाडीत सामानाचे खण बसवणे : भाराची वाट कशी शोधावी

या पाठासाठी न्यूटनचे गतिविषयक नियम आणि बलाचे आघूर्ण एवढेच ज्ञान पुरेसे आहे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात किंवा भौतिकशास्त्राच्या पदवी वर्गात हे शिकवले जाते. उदाहरण मात्र वर्गाबाहेरचे घेऊ. बेंगळुरूहून सकलेशपूर, चिक्कमगळूरु किंवा आगुंबेच्या दिशेने चारचाकी ओढीच्या गाड्या घेऊन मुक्कामी जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांतले अनेकजण गाडीच्या मागच्या भागात लाकडी किंवा ॲल्युमिनियमचा सांगाडा बसवतात. त्यात मागच्या दाराकडे उघडणारे दोन लांब खण असतात. एका खणात स्वयंपाकाचे सामान, दुसऱ्यात हत्यारे आणि दोर राहतात, आणि वरच्या फळीवर अंथरूण पडते. आपण या खणांना सवयीने ड्रॉवर म्हणतो.

बहुतेकांना हे सुतारकाम वाटते. मापे घ्यायची, प्लायवुड कापायचे, चॅनेल लावायचे. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. घरातले कपाट जागचे हलत नाही; गाडीतले कपाट ताशी ५० किलोमीटरने धावते आणि गाडी अचानक थांबली तरी ते धावतच राहू पाहते. म्हणून इथला खरा प्रश्न हा आहे : सामानाचा भार कोणत्या वाटेने गाडीच्या सांगाड्यापर्यंत पोहोचतो, आणि त्या वाटेवरची सर्वांत कच्ची कडी कोणती?

उदाहरणातील मापे

सांगाडा ९०० मिमी लांब, १ मीटर रुंद आणि ३०० मिमी उंच आहे असे समजा. वरची फळी, तळ, दोन बाजू, मधला पडदा आणि पुढची बाजू मिळून सुमारे २.९ चौरस मीटर प्लायवुड लागते, म्हणजे आठ बाय चारची जवळजवळ एक पूर्ण शीट. प्लायवुडची घनता ६५० किलो प्रति घनमीटर धरली, तर १२ मिमी जाडीत हे वजन सुमारे २३ किलो आणि १८ मिमीत सुमारे ३४ किलो होते. मजबुतीच्या नावाखाली सुतार १८ मिमी सुचवतो. मध्ये उभा पडदा असल्यामुळे वरच्या फळीला एका वेळी अर्धाच मीटर अंतर पेलायचे असते, त्यासाठी १२ मिमी पुरते. आपण १२ मिमी घेऊ आणि चॅनेलसह सांगाडा ३० किलोचा धरू. प्रत्येक खण सामानासकट ४० किलो. एकूण ११० किलो.

हे ११० किलो कुठे बसते यालाही महत्त्व आहे. फोर्स गुरखाच्या पाच दारी गाडीचा व्हीलबेस २८२५ मिमी आहे. आपल्या सांगाड्याचा गुरुत्वमध्य मागच्या आसापासून ०.४ मीटर मागे आला असे समजा. आघूर्णाचा हिशोब केला तर पुढच्या आसावरचा भार ११० × ०.४ ÷ २.८२५, म्हणजे सुमारे १६ किलोने कमी होतो आणि मागच्या आसावर १२६ किलोची भर पडते. चढावर पुढची चाके आधीच हलकी झालेली असतात, त्यात ही भर. म्हणून जड वस्तू, म्हणजे पाण्याचे कॅन आणि हत्यारे, खणाच्या आतल्या टोकाला ठेवायच्या आणि हलक्या वस्तू दाराकडे. स्वयंपाक करताना हे गैरसोयीचे वाटते, तरीही.

खण उघडल्यावर काय होते

४० किलोचा खण पूर्ण बाहेर आला की त्याचा गुरुत्वमध्य सांगाड्याच्या मागच्या कडेपासून ०.४५ मीटर बाहेर जातो. त्या कडेभोवतीचे आघूर्ण ४० × ९.८१ × ०.४५, म्हणजे १७७ न्यूटन-मीटर. याला विरोध करतात सांगाड्याचे स्वतःचे वजन (१३२ न्यूटन-मीटर) आणि दुसरा बंद खण (१७७ न्यूटन-मीटर). एक खण उघडला तर काही होत नाही. दोन्ही एकदम उघडले, तर ३५४ विरुद्ध १३२. न बांधलेला सांगाडा पुढून उचलला जाईल आणि ८० किलो सामान तुमच्या पायांवर येईल.

पुढचे बोल्ट या कडेपासून ०.८५ मीटरवर असतील तर त्यांना मिळून केवळ २६० न्यूटन ओढ सोसावी लागते, म्हणजे साधारण २६ किलो वजनाइतकी. एवढे बल लाकडाचे चार स्क्रूही सोसतात. फसगत होते ती इथेच. रोजच्या वापरात काहीही जोडकाम टिकते, आणि टिकले म्हणून ते पुरेसे आहे असे वाटू लागते.

गाडी अचानक थांबल्यावर काय होते

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. समोरच्या टकरीत गाडीचा पुढचा भाग चेपत ती अर्ध्या मीटरात थांबली, तर सरासरी मंदन v² ÷ २s, म्हणजे सुमारे १९३ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. हे गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ २० पट आहे. आपल्या ११० किलोला थांबवायला ११० × १९३, म्हणजे सुमारे २१ हजार न्यूटन बल हवे. ही दोन टनांहून अधिक वजनाची ओढ झाली. मघाच्या २६ किलोशी तिची तुलना करून पाहा.

हे बल प्रवाशांच्या दिशेने असते. खण मागे उघडतात, त्यामुळे टकरीत ते उघडत नाहीत. ते सांगाड्याच्या पुढच्या फळीवर आदळतात आणि सांगाड्याला सोबत घेऊन पुढच्या आसनाच्या पाठीवर जातात. आसनांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १७ मध्ये सामानाच्या धडकेची एक चाचणी आहे. तिच्यात १८ किलोचे दोन ठोकळे ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाच्या टकरीत मागच्या आसनावर आदळू देतात. म्हणजे आसनाची पाठ ३६ किलोसाठी तपासली जाते. आपला सांगाडा त्याच्या तिप्पट आहे. तेव्हा आसन अडवेल हा भरवसा सोडून द्यावा.

आता बोल्टकडे या. ८ मिमीचा, ८.८ प्रतीचा एक बोल्ट कर्तनात अंदाजे १७ हजार न्यूटन सोसतो. चार बोल्टांचे झाले जवळजवळ ७० हजार. गरज २१ हजारांची. मग चिंता कसली? गाडीच्या मागच्या तळाचा पत्रा पातळ असतो. तो ०.८ मिमी धरा. बोल्ट पत्र्याच्या भोकाच्या कडेवर टेकतो ते क्षेत्रफळ ८ × ०.८, म्हणजे ६.४ चौरस मिमी. साधारण ५०० मेगापास्कल दाबाला भोक लांबट होऊन फाटू लागते असे मानले, तर एका भोकाची ताकद ३२०० न्यूटन आणि चार भोकांची १२,८००. म्हणजे बोल्ट शाबूत राहतो आणि त्याच्या भोवतीचा पत्रा फाटतो. दुकानात ‘आठ नंबरचा हाय टेन्साइल बोल्ट लावलाय’ असे अभिमानाने सांगतात तेव्हा उत्तर अर्ध्याच प्रश्नाचे मिळालेले असते.

पत्र्याखाली ३ मिमी जाडीची रुंद पोलादी पट्टी लावली तर बोल्ट वर उपसून निघत नाही आणि आवळल्यामुळे घर्षणही वाढते. पट्टी लावावीच. पण आडवे बल शेवटी पत्र्याच्याच भोकांवर येते, म्हणून पहिली पसंती कारखान्यात तयार केलेल्या जागांना द्यावी : तिसऱ्या रांगेतील आसनांच्या बोल्टांची भोके. आसन टकरीत जागेवरून सुटू नये अशा हिशोबानेच त्या जागा जाड केलेल्या असतात. सांगाड्याच्या तळाशी पोलादी कंस बसवून ते या भोकांना जोडायचे. पीण्या औद्योगिक वसाहतीत लेझरने पत्रा कापून वाकवून देणारी अनेक छोटी वर्कशॉप आहेत. कागदावर नीट माप काढून दिले की असे कंस करून मिळतात. नवे भोक पाडायचेच असेल तर आधी गाडीखाली शिरून पाहा. इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग त्याच पत्र्याच्या पलीकडे असतात.

कंस पोलादी, बोल्ट पक्के, पण कंस प्लायवुडला लाकडी स्क्रूने जोडलेला, हाही नेहमीचा दोष. तिथे आरपार बोल्ट, मोठा वॉशर आणि नायलॉनच्या कड्याचा नट हवा. कच्च्या रस्त्याच्या थरथरीने साधा नट हळूहळू सुटतो. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासा. नट आणि बोल्टवर मिळून रंगाची एक रेघ ओढून ठेवली की हललेला नट नजरेनेच कळतो.

चॅनेल, खिटी आणि पाऊस

स्वयंपाकघरातले साधे टेलिस्कोपिक चॅनेल प्रत्येक बाजूला सुमारे १२.७ मिमी जागा मागते आणि त्याची क्षमता बहुधा ४५ किलोच्या आत असते. ती क्षमता स्थिर घरातली आहे. खड्ड्यात गाडी आपटते तेव्हा ४० किलोचा खण क्षणभर दुप्पट-तिप्पट जड होतो, म्हणून १०० किलोच्या वरचे जाड चॅनेल घ्यावे. त्याला बाजूला बहुधा १९ मिमी लागतात, हे आराखड्याच्या वेळीच धरा.

२० अंशांच्या चढावर ४० किलोचा खण ४० × ९.८१ × sin २०°, म्हणजे १३४ न्यूटन बलाने मागे सरकू पाहतो. चुंबकाची पकड यापुढे टिकत नाही. यांत्रिक खिटी हवी, आणि ती उघड्या स्थितीतही अडकणारी हवी, नाहीतर उतारावर उभ्या गाडीत खण परत येऊन बोटे चेचतो.

प्लायवुड बेंगळुरूच्या कोरड्या मार्चमध्ये कापलेले असते आणि जुलैत आगुंबेच्या पावसात जाते. ओलाव्याने ते मुख्यतः जाडीत फुगते आणि घट्ट बसवलेला खण अडकतो. भारतीय मानक ३०३ मधली ओल सोसणारी साधी प्रत इथे कमी पडते. त्याच मानकातली उकळत्या पाण्याला टिकणारी प्रत किंवा मानक ७१० चे मरीन प्लायवुड घ्या, आणि कापलेल्या कडा रंगाने बंद करा. पाणी शिरते ते कडांतून.

गॅसची छोटी टाकी खणात ठेवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो बंद खणाच्या तळाशी साचतो, आणि शेजारीच फ्रिजची वायर असते.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. आसनसंख्या हा प्रमाणपत्रातला तपशील आहे. म्हणून तिसरी रांग कायमची काढण्याआधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारा, आणि सांगाडा वेल्डिंग न करता बोल्टने, परत काढता येईल असा बसवा. भरलेल्या गाडीचे वजन प्रमाणपत्रातील कमाल वजनाच्या आत आहे का, हे वजनकाट्यावर प्रवाशांसह एकदा पाहून घ्या.

स्वाध्याय

१. सांगाडा १८ मिमी प्लायवुडचा केला तर ताशी ५० किलोमीटरच्या टकरीत बोल्टांवरचे एकूण बल किती वाढेल?

२. वरच्या उदाहरणात पत्रा ०.८ ऐवजी १.२ मिमी असता तर चार भोके पुरली असती का? सहा भोके पाडली तर?

३. टकरीतले बल सांगाड्याच्या तळापासून १५० मिमी उंचीवर कार्य करते असे धरा. पुढच्या कडेभोवती आघूर्ण घेऊन, त्या कडेपासून ०.८५ मीटरवर असलेल्या मागच्या दोन बोल्टांवर वरच्या दिशेने किती ओढ येते ते काढा. सांगाड्याचे वजन विसरू नका.