मोहाखालचं अस्वल
(लेखमाला : अस्वलांचं कुळ – लेखांक ३)

मागच्या लेखात आपण ध्रुवीय अस्वल पाहिलं. त्याचा नर साडेतीनशे ते सातशे किलो वजनाचा असतो. गोठलेल्या समुद्रावर दबा धरून तो सील पकडतो आणि सीलच्या चरबीवर जगतो. जगात अस्वलांच्या आठ जाती आहेत. त्यांतली एक आपल्या आष्टी-कारंजाच्या डोंगरांपासून बोर व्याघ्र प्रकल्पापर्यंतच्या झाडीत राहते. कुळ एकच, पण खाणं वेगळं, आणि त्या खाण्यानंच दोघांची शरीरं वेगळी घडली आहेत.

आपल्या अस्वलाचं मुख्य अन्न म्हणजे वाळवी आणि मुंग्या. पुढच्या पायांच्या लांब, वाकड्या नखांनी ते कडक वारूळ फोडतं, फुंकर मारून माती उडवतं आणि नाकपुड्या मिटून किडे तोंडात ओढून घेतं. त्याच्या वरच्या जबड्यात मधले दोन दात नसतातच. त्या फटीतून ही ओढ बसते. तिचा आवाज शंभर मीटरांवरही ऐकू येतो. जोडीला मध आणि ऋतूप्रमाणे मोहफुलं, बहाव्याच्या शेंगा, जांभळं, उंबरं, बोरं असतातच.

पिलांच्या बाबतीत मात्र दोघांचं बरंच जुळतं. ध्रुवीय मादी बर्फात बीळ खोदते, आपली मादी खडकाची कपार किंवा बीळ शोधते. दोघींचीही पिलं हिवाळ्यात जन्मतात, बहुधा दोन. पुढे आपली मादी पिलांना पाठीवर बसवून रानभर हिंडते. तिच्या लांब केसांना ती घट्ट धरून असतात. पिलांना असं पाठीवर वागवण्याची रीत अस्वलांच्या दुसऱ्या कोणत्याही जातीत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये मोह गळू लागला की पहाटे माणूसही तिथंच पोचतो आणि अस्वलही. अस्वलाचं नाक तीक्ष्ण, पण नजर अधू. खाण्यात गुंग असताना माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला चाहूल लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या वाघाच्या रानात राहिलेला हा प्राणी दचकला, तर पळण्याऐवजी अनेकदा अंगावर येतो. माणूस त्याचं भक्ष्य नाही. तो स्वतःला आणि पिलांना वाचवत असतो. म्हणून मोह वेचायला नीट उजाडल्यावर जावं, एकट्यानं जाऊ नये, मोठ्यानं बोलत चालावं. पिलं दिसली तर आल्या वाटेनं मागं फिरावं.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं अस्वलाला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीनं, संरक्षण दिलं आहे. पण कायदा पहाटे मोहाखाली हजर नसतो. तिथं अस्वलाच्या सवयी ठाऊक असलेला माणूसच स्वतःला वाचवतो आणि अस्वलालाही. ही माहिती मोहाच्या हंगामाआधी गावातल्या प्रत्येक वेचणाऱ्यापर्यंत पोचायला हवी.

पुढच्या आठवड्यात : हिमालयातलं काळं अस्वल.